विचारून फिरवायचं चाक

त्या साली उन्हाळा लांबला आणि वैरण संपत आली. हिरवं तर औषधालाही उरलं नव्हतं. गंजीतला कडबा उन्हाने असा खडखडीत झाला होता की म्हशी नुसता पाला ओढायच्या आणि धांडे पायाखाली तुडवायच्या. त्यामुळे सगळं बारीक कुट्टी करूनच घालावं लागायचं. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. गोठ्याच्या दाराशी कुट्टीचं मशीन होतं, छातीइतक्या उंच लोखंडी चाकाचं. ते चाक घरातली दोनच माणसं फिरवायची, दादा आणि त्याची बायको. तिसरं होतं कोण? मुलगी लग्न होऊन गेलेली, म्हातारा-म्हातारी कधीच गेलेली. उरल्या दोन म्हशी आणि एक रेडकू, आणि त्यांच्याकडून कामाची अपेक्षा कुणी करत नाही.

दादा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ज्यांच्या घरी तो दूध घालायचा ते सगळे त्याला दादा म्हणायचे, म्हणून आपणही दादाच म्हणू. शाळेतल्या मित्रांनी मात्र त्याला दुसरंच नाव ठेवलं होतं, ते येईलच पुढे.

आजूबाजूच्या सगळ्या गोठ्यांत मशीनला मोटर बसली होती. दादाची बायको दर उन्हाळ्यात हा विषय काढायची. खांदा चोळत म्हणायची, अहो, लोक बटण दाबतात आणि सावलीत जाऊन बसतात, आपणच काय पाप केलंय? दादाचं उत्तर ठरलेलं असायचं. मोटर विचारत नाही.

विचारत नाही म्हणजे काय, ते सांगायला हवं. चाक फिरवणारा माणूस चाकाआड उभा असतो, त्याला मशीनचं तोंड दिसत नाही. तोंडाशी दुसरा माणूस धांडे आत सारत असतो, आणि धांडे अडकले की ते उपसायला त्याचा हात पात्यांपर्यंत जातो. म्हणून दादाच्या वडिलांनी नियम घालून दिला होता. चाक थांबलं की पुन्हा फिरवण्याआधी चाकवाल्याने विचारायचं, "हात?" सारणाऱ्याने हात बाहेर काढायचा आणि म्हणायचं, "मोकळा." मगच चाक हलवायचं. इतर घरांत असले नियम चार दिवस पाळतात आणि विसरतात. दादाने तो चाळीस वर्षं पाळला. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात बायकोने एकदा न विचारता चाक हलवलं, तर हा माणूस असा ओरडला की शेजारचे धावत आले. ती बिचारी रडून रडून अर्धी झाली. तेव्हा शेजारणींनीच तिची समजूत घातली. अगं, त्याच्या मित्राची बोटं गेली ना याच मशीनमध्ये, त्याच्या डोळ्यांदेखत. भ्यायलाय तो. तिला ते पटलं, आणि त्या दिवसापासून ती न चुकता विचारू लागली.

तर एका दुपारी मॉनिटरचा फोन आला. मॉनिटर म्हणजे वर्गाचा मॉनिटर. आता त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं, टक्कल पडलं होतं, पण वर्गावर हुकूम चालवायची सवय काही गेली नव्हती. रविवारी शाळेत सगळ्यांनी जमायचं, बायकोला घेऊन यायचं, नाही म्हणायचं नाही, असं त्याने फर्मान काढलं. दादाने म्हशींचं कारण सांगितलं, कडब्याचं सांगितलं, खांद्याचंही सांगितलं. मॉनिटर हसला. म्हणाला, तू नाही आलास तर कार्यक्रमच नाही, लेका. तुझा सत्कार आहे. सात्या स्वतः येतोय तुझा सत्कार करायला.

दादा फोन कानाला लावून तसाच उभा राहिला. मॉनिटर पुढे काय बोलला ते त्याला ऐकूच गेलं नाही.

सात्या म्हणजे ज्याची बोटं गेली तो. दहातली तीन गेली, उरली सात, म्हणून सात्या. पोरांच्या जिभेला हाड नसतं. आणि त्याच दिवसापासून दादाचं नाव पडलं अँब्युलन्स, कारण रक्ताने भिजलेल्या सात्याला पाठीवर घेऊन तो बांधाबांधाने तीन मैल पळाला होता, थेट दवाखान्यापर्यंत. डॉक्टर म्हणाले होते, अजून उशीर झाला असता तर पोरगा हाती लागला नसता. शाळेत गणिताच्या सरांनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. या हकिकतीत खोटं काही नाही. तो पळाला होता, खरंच पळाला होता.

पण त्याच्या आधी काय झालं, ते एकट्या दादाला ठाऊक होतं.

तेव्हा दोघं सातवीत होते. त्या दिवशी शाळेच्या मैदानावर कबड्डीचा सामना होता आणि वडिलांनी दादाला चार पेंढ्या कापून मगच जा म्हणून बजावलं होतं. काम लवकर उरकावं म्हणून सात्या मदतीला आला होता. आपण होऊन आला होता, कुणी बोलावलं नव्हतं. तीन पेंढ्या झाल्या. चौथीला धांडे अडकले आणि चाक थांबलं. सात्या वाकून ते उपसू लागला. मैदानावरून शिट्टी ऐकू आली. आणि दादाने चाक फिरवलं. विचारलं नाही. हात, एवढा एक शब्द. तो विचारायला किती वेळ लागतो? पण त्याने विचारलं नाही.

इथवर सगळं घाईत झालं, बारा वर्षांच्या पोराच्या हातून झालं. दादा स्वतःला तेवढं माफ करूही शकला असता. माफ करता येत नव्हतं ते पुढचं. बांधावरून पळताना सात्याचं डोकं त्याच्या मानेवर आपटत होतं, सात्या अर्धवट शुद्धीत होता, आणि त्याने कानाशी विचारलं होतं, "मी मोकळा म्हणालो का रे?"

दादा धापा टाकत म्हणाला होता, "हो. म्हणालास."

झालं. दवाखान्यात सात्याने डॉक्टरांना तेच सांगितलं, घरी वडिलांना तेच सांगितलं. हात आत होता आणि मी मोकळा म्हणालो. त्याच्या वडिलांनी, पोराच्या हाताला पट्टी असताना, दोन थोबाडीत दिल्या. पुढे सात्याचं घर दुसऱ्या गावाला गेलं आणि गाठीभेटी थांबल्या. सात्याच्या लग्नाची पत्रिका आली, दादा गेला नाही. कधी म्हैस आजारी होती, कधी पाऊस होता. तोंड लपवायला माणसाला कारणं कमी पडत नाहीत.

रविवारपर्यंतचे चार दिवस दादाने कसे काढले, ते त्याचं त्याला माहीत. धार काढताना बादली लवंडली. एका घरी दूध दोनदा घातलं, एका घरी घातलंच नाही. बायकोने ठेवणीतला सदरा इस्त्री करून खिळ्याला टांगला होता, आणि हा त्या भिंतीकडे पाठ करूनच बसायचा. दोनदा त्याने बायकोला सांगायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा वैरणीचंच काहीतरी बोलून मोकळा झाला. शेवटी त्याने मनाशी ठरवलं, सत्काराच्या आधी सात्याला बाजूला घ्यायचं आणि सांगून टाकायचं. त्याला जे करायचं ते तो करो. पण टाळ्या घ्यायच्या नाहीत.

शाळेत पोचले तेव्हा वर्ग भरून गेला होता. बाकं तीच होती, माणसं मात्र त्यांत मावत नव्हती. पोटं आडवी येत होती. गणिताचे सर काठी टेकत आले आणि त्यांनी जुन्या क्रमाने हजेरी घेतली. पन्नाशी ओलांडलेली माणसं हजर, हजर म्हणून उठत होती आणि गुडघे धरून बसत होती. दादाचा नंबर आला तेव्हा मागून दोघंतिघं एका सुरात ओरडले, "अँब्युलन्स!" सगळे हसले. त्याची बायकोही तोंडावर पदर धरून हसली. तिला हे नाव ठाऊक नव्हतं, आणि तिला ते आवडलं.

सात्या पहिल्या बाकावर होता. केस पिकलेले, अंगाने वाळलेला, पण हसणं तसंच, एका बाजूने. त्याने दादाला पाहिलं आणि उठून सरळ मिठीच मारली. पाठीवर पडलेल्या थापेत बोटं कमी आहेत हे दादाला सदऱ्यातून कळलं. तो म्हणाला, जरा बाहेर ये, बोलायचंय. सात्या म्हणाला, बोलू रे, दिवस पडलाय अख्खा. तेवढ्यात मॉनिटरने दोघांनाही आपापल्या जागी बसवलं.

दादाची बायको सात्याच्या बायकोशेजारी बसली होती आणि दोघींचं लगेच जमलं. सात्या कापडाच्या दुकानात होता. कापड मोजायचा, पण कात्री लावायला दुसऱ्या माणसाला बोलवायचा, आणि त्यानेही आधी एकदा मोजून घ्यावं असा आग्रह धरायचा. सात्याची बायको हे हसत हसत सांगत होती. घरी तसंच बघा. गॅस बंद केला म्हणाले तरी मी उठून बघून येते. दार लावलं म्हणाले तरी मी कडी हलवून येते. काय करणार, त्यांचंच म्हणणं आहे, माझ्या शब्दावर जाऊ नका, मी हात आत ठेवून मोकळा म्हणणारा माणूस आहे. नातीला कडेवर घेऊन जिना उतरत नाहीत अजून.

दादा पुढच्या बाकावर बसून हे सगळं ऐकत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोटं गेली एवढंच तो इतकी वर्षं धरून बसला होता. बोटं तर त्यातली थोडकीच होती.

मग सात्या फळ्यासमोर उभा राहिला आणि बोलला. त्याला बोलायची सवय नव्हती, म्हणून जे होतं तेच बोलला. चूक माझी होती, तो म्हणाला. याने विचारलं, मी मोकळा म्हणालो आणि हात आत. याचा काय दोष? पण हा मला टाकून पळाला नाही. मी आज तुमच्यासमोर उभा आहे तो याच्या पाठीमुळे. असं म्हणून त्याने उरलेल्या बोटांत धरून ती चकचकीत पाटी दादाच्या हातात दिली. पाटीवर लिहिलं होतं, धाडसी मित्र, आणि खाली दादाचं नाव.

दादाला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो म्हणाला, "मी काही फार केलं नाही."

टाळ्या पडल्या. तो थांबला. कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा म्हणाला, "याची चूक नव्हती. खरंच नव्हती. चूक माझी होती."

गणिताच्या सरांचे डोळे भरून आले. मॉनिटर उभा राहून म्हणाला, याला म्हणतात मोठं मन, मित्राचा दोषसुद्धा स्वतःच्या अंगावर घेतोय. मग तर टाळ्या थांबेचनात. दादा फळ्यासमोर ती पाटी पोटाशी धरून उभा होता. अजून एक वाक्य बोलायचं होतं. मी विचारलं नव्हतं. तीनच शब्द. पण सरांचे ओले डोळे, बायकोचा फुललेला चेहरा आणि ते हसणारे म्हातारे मित्र बघून त्याची जीभ उचलली नाही. तो खाली बसला. खरं बोलूनही खोटंच पडलं होतं पदरात.

जेवणं झाली, फोटो झाले. सात्याची बस सहाची होती. तो म्हणाला, चल, तुझा गोठा बघायचाय, ते मशीन अजून आहे म्हणे. दादा नको नको म्हणत होता, पण दोघींनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

घरी आले तेव्हा म्हशी ओरडत होत्या. वैरणीची वेळ टळून गेली होती. बायका चहा ठेवायला आत गेल्या. सात्याने चाकावरून हात फिरवला, पात्यांकडे मात्र गेला नाही. मग त्याने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. दादा म्हणाला, राहू दे, मी करतो. सात्या म्हणाला, चाकाला बोटं कशाला लागतात, तळवा पुरतो. तू सार.

दादाने पेंढी सोडली. वाळलेल्या धांड्यांची धूळ नाकातोंडात गेली. त्याने पहिली मूठ मशीनच्या तोंडात सारली आणि हात बाहेर घेतला.

चाकाआडून सात्याचा आवाज आला, "हात?"

दादाने दुसरी मूठ उचलली आणि तशीच खाली ठेवली.

"अरे, हात?" सात्याने पुन्हा विचारलं. चाक त्याने घट्ट धरून ठेवलं होतं, केसभरही हलू दिलं नव्हतं.

"मी विचारलं नव्हतं," दादा म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी. मी हात म्हणून विचारलंच नव्हतं. शिट्टी झाली आणि मी चाक फिरवलं. तू मोकळा म्हणालाच नव्हतास. पाठीवर असताना तू मला विचारलंस, तेव्हा मी खोटं सांगितलं."

सात्या चाकाआडून बाहेर आला. त्याने दादाकडे बघितलं, मग मशीनच्या तोंडाकडे. मग गंजीला टेकून खाली बसला.

"मला ऐकू येतो तो आवाज," सात्या म्हणाला. "माझाच. मोकळा, असा. इतकी वर्षं येतोय. तू म्हणालास म्हणून यायला लागला असेल." त्याने आपला हात उलटासुलटा करून पाहिला. "वडील जायला टेकले ना, तेव्हा घराच्या किल्ल्या त्यांनी धाकट्या भावाकडे दिल्या. मला म्हणाले, तू विसरशील बाबा. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं."

दादा त्याच्यासमोर उकिडवा बसला. हात जोडावेत असं त्याला वाटलं, पण तेही नाटक वाटलं असतं. त्याने खाली पडलेले धांडे गोळा करायला घेतले, आणि मग तेही सोडून दिले. तो एवढंच म्हणाला, माफ कर म्हणायचं तोंड नाही मला.

"तिथे सांगायचं होतंस. सगळ्यांसमोर."

"सांगत होतो. जमलं नाही."

"मग हिला सांग," सात्या म्हणाला. "माझ्या बायकोला. मी सांगितलं तर ती पुन्हा खात्री करून घेईल."

तो हे हसून म्हणाला नाही.

चहा घेऊन दोघी बाहेर आल्या. दादाने उभं राहून सांगितलं, पहिल्यापासून. वहिनी म्हणून सुरुवात केली आणि मग कुणाच्याच चेहऱ्याकडे न बघता, कपातल्या चहाकडे बघत सांगितलं. शिट्टी, चाक, पाठीवरचा प्रश्न आणि आपलं उत्तर. सांगून झालं तेव्हा चहावर साय धरली होती. सात्याची बायको नवऱ्याजवळ जाऊन उभी राहिली. त्याच्या सदऱ्याला चिकटलेला कडब्याचा पाला एकेक करून काढू लागली.

निघताना दादाने ती पाटी पुढे केली. सात्या म्हणाला, "ठेव. नाव तुझंच आहे त्यावर." रस्त्याला लागताना सात्याच्या बायकोने विचारलं, तिकिटं घेतलीत ना? सात्या म्हणाला, घेतली. तिने त्याच्या खिशात हात घालून बघितलं नाही. ती तशीच चालू लागली. पाच-सहा पावलं गेल्यावर सात्याच थांबला, त्याने खिसा चाचपला आणि मग पुढे गेला.

दादाची बायको उंबऱ्यात उभी होती. ती काही बोलेल म्हणून तो वाट बघत होता. ओरडली असती तरी चाललं असतं. लग्नाच्या पहिल्या महिन्यातला तो दिवस तिला आठवत असणार, हे त्याला तिच्याकडे न बघताच कळत होतं. ती कप विसळून आली, पदर खोचला आणि चाकाशी जाऊन उभी राहिली. म्हशी काही कुणासाठी थांबत नाहीत.

दादाने धांडे सारले, हात बाहेर घेतला.

"हात?" तिने विचारलं.

"मोकळा," तो म्हणाला.

चाक हललं नाही. तो वाट बघत राहिला. त्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. तिने चाकावरचा हात काढला. मशीनला वळसा घालून ती त्याच्या बाजूला आली, वाकली, आणि त्याचे दोन्ही हात कुठे आहेत ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मग परत गेली आणि चाक फिरवलं.

दुसऱ्या पेंढीलाही तिने तसंच केलं.